बाळाचं फुफ्फुस पोटात कसं बनतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठा लेख आला, तो आमच्या चाळीत बऱ्याच घरांत फिरला, कारण आमच्याच मजल्यावर एक सून सातव्या महिन्यात आहे आणि तिच्या सासूबाईंनी तो कापून ठेवलाय. लेख मनापासून लिहिलेला आहे, एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) सिस्टरांची धावपळ, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायची कांगारू केअर, सायनच्या हॉस्पिटलात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली आईच्या दुधाची बँक, सगळं आलंय आणि वाचून बरं वाटलं. पण फुफ्फुसाबद्दल जे दोन परिच्छेद आहेत त्यात लिहिलंय की बाळाची फुफ्फुसं म्हणजे न फुगवलेले दोन फुगे, जन्मल्यावर रडलं की फुगतात, आणि लवकर जन्मलेल्या बाळात फक्त फुफ्फुसातल्या पिशव्या मिटू न देणारं सर्फॅक्टंट नावाचं एक द्रव्य कमी असतं, ते नळीतून सोडलं की काम झालं. हे काही मला पटलं नाही. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, जिथे शरीराचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, टेक्निशियन होते, आता रिटायर झालेय, डॉक्टर नाही, पण फुफ्फुसाच्या स्लाईडी आयुष्यभर केल्या आणि त्याबद्दल जे मिळेल ते वाचत आले, म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मशेरीबद्दलचं कापू नका.

मी पाहिलेलं सांगते. 18 आठवड्यांच्या आसपासचा गर्भ, ज्याच्या आईबापांनी एवढ्या दुःखातही तपासणीला परवानगी दिलेली असते, त्याच्या फुफ्फुसाचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या मशीनवर, चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे, कोमट पाण्यावर सोडायचे आणि स्लाईडवर अलगद उचलायचे. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात बघितलं तर ते फुफ्फुस वाटतच नाही, कुठलीतरी ग्रंथी वाटते, गोल गोल नळ्यांची तोंडं आणि त्यांच्या मधे फिकट, सैल, जवळजवळ रिकामी दिसणारी जागा. नवीन आलेली पोरं नळ्यांकडेच बघत बसतात. पण त्याच ब्लॉकचा पुढचा काप मॅसन ट्रायक्रोम नावाच्या रंगाने रंगवला की त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत कोलॅजनचे निळे धागे उभे राहतात, मोठ्या नळ्यांभोवती दाट पट्टे आणि टोकांकडे विरळ विरळ होत गेलेले.

मग व्हेरहॉफचा रंग. हा लावायला धीर लागतो, आधी सगळं काळं करायचं आणि मग फेरिक क्लोराईडच्या पातळ द्रावणाने ते काळं हळूहळू उतरवायचं, सारखं मायक्रोस्कोपखाली बघत बघत, जास्त उतरलं तर सगळंच गेलं आणि कमी उतरलं तर काही कळत नाही. बरोबर जमलं की फक्त इलॅस्टिनचे, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्रोटीनचे, धागे काळे राहतात. 18 आठवड्यांच्या तुकड्यात ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दिसतात, मोठ्या श्वासनळ्यांभोवती दिसतात, पण टोकांच्या बाजूला जिथे पुढे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या, व्हायचेत तिथे जवळपास काहीच नाही. आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या तुकड्यात त्याच भागात, पिशव्यांच्या तोंडाशी आणि आत डोकावणाऱ्या छोट्या पडद्यांच्या कडेला, बारीक बारीक काळ्या रेघा. मधल्या आठवड्यांत या रेघा कुठून आल्या, कोणी आखल्या, त्याबद्दल तुमच्या लेखात एक अक्षर नाही आणि माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

पेशी आणि पेशीच्या मधे जे असतं ते पेशींनीच बनवून बाहेर सोडलेलं असतं. त्यात कोलॅजनचे मजबूत धागे, ताणून परत जागेवर येणारं इलॅस्टिन, पेशींना धरून ठेवणारी लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन ही प्रोटीनं आणि साखरेच्या लांब साखळ्या लागलेली अशी प्रोटीनं जी पाणी धरून ठेवतात, या सगळ्याला मिळून एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात, पुढे मी नुसतं मॅट्रिक्स लिहिते. आम्हाला कोर्सला असताना हे म्हणजे भरणा, पेशी जागेवर राहाव्यात म्हणून, इतकंच शिकवलेलं. पण पोटातल्या फुफ्फुसात हा भरणा नुसता पडून राहत नाही, तो पेशींना सांगत असतो की इथे वाढा, इथे थांबा, इथे दोन फाटे फोडा. वेल आणि मांडव एकमेकांना घडवत वर चढावेत तसं काहीसं, फरक एवढाच की इथे मांडव वेलीनेच विणलेला असतो आणि रोज थोडा उसवून पुन्हा विणला जातो.

हे कळलं कसं त्याची गोष्ट फार छान आहे. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या आद्य नळीच्या पुढच्या भागातून एक कोंब फुटतो, त्याचे दोन होतात, मग फाट्याला फाटे फुटत जातात. 1962 मध्ये अलेशियो आणि कासिनी या इटलीतल्या दोघांनी उंदराच्या गर्भातल्या श्वासनलिकेच्या एका बाजूचं आवरण काढलं आणि तिथे खालच्या फाट्यांभोवतीचं सैल ऊतक आणून चिकटवलं, तर ज्या सरळ नळीला कधीच फाटा फुटत नाही तिला तिथून कोंब फुटला. म्हणजे नळीच्या पेशी त्याच, शेजार बदलला आणि वागणं बदललं. पुढे कळलं की त्या शेजारातून एफजीएफ-10 नावाच्या प्रोटीनचा निरोप येतो, उंदरात त्याचं एक जीन काढून टाकलं तर श्वासनलिका होते पण तिच्याखाली फुफ्फुसच होत नाही. आणि आता मॅट्रिक्सचं काम बघा, हा निरोप मॅट्रिक्समधल्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटून राहतो म्हणून तो सगळीकडे पसरत नाही, जिथे हवा तिथेच धरला जातो, आणि कोंब त्या दिशेलाच वाढतो.

फाटा नेमका कुठे फुटणार हेही मॅट्रिक्सवरच बरंचसं ठरतं. वाढणाऱ्या कोंबाच्या टोकाला त्याच्याखालचा पातळ पडदा, बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात तो, आणखी पातळ होतो म्हणून पेशी पुढे सरकतात, आणि जिथे खाच पडून दोन फाटे व्हायचे असतात तिथे फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन साचतं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या केनेथ यामादा यांच्या लॅबने उंदराच्या गर्भाची लाळग्रंथी, फुफ्फुस आणि किडनी बशीत वाढवून दाखवलं की फायब्रोनेक्टिन अडवलं तर खाचा पडणं थांबतं आणि वरून घातलं तर फाटे जास्त होतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून जुन्या स्लाईडचा फोटो बघितला, त्या निळ्या पट्ट्यांकडे पुन्हा बघायला.

आता आईला कळण्यासारखी गोष्ट, जी लेखात यायलाच हवी होती. श्वासनळ्यांची ही फाटाफूट साधारण 16 ते 17 आठवड्यांपर्यंत पूर्ण होते, लिन रीड यांनी 1967 मध्येच मांडलंय की हवा नेणाऱ्या नळ्या 16 व्या आठवड्यापर्यंत सगळ्या तयार असतात. नंतर त्या लांब होतात, रुंद होतात, पण नवीन फाटा नाही. म्हणजे चौथ्या महिन्यात, जेव्हा पुष्कळ बायकांचं पोट धड दिसायलाही लागलेलं नसतं, ऑफिसात सांगितलेलं नसतं, गर्दीच्या लोकलमध्ये कोणी उठून जागाही देत नाही, तेव्हा बाळाच्या नळ्यांचं काम संपत आलेलं असतं. आपल्याकडे काळजी घ्यायची ती सातव्यापासून, डोहाळजेवणानंतर, अशी समजूत आहे. फुफ्फुसाला ते चालत नाही.

नळ्या झाल्यावर त्यांच्या टोकाला पिशव्या होतात, रक्तवाहिन्या जवळ येतात, मधला सैल भाग पातळ होत जातो. हे सगळं हवा नसताना. पोटातलं फुफ्फुस पाण्याने भरलेलं असतं आणि ते पाणी फुफ्फुस स्वतःच तयार करतं, शिवाय तिसऱ्या महिन्यापासून बाळ श्वासासारखी हालचाल करतं, सोनोग्राफीत छाती हलताना दिसते. त्या पाण्याच्या दाबाने आणि हालचालीने मॅट्रिक्स ताणलं जातं आणि मॅट्रिक्सला धरून असलेल्या पेशींना तो ताण जाणवतो, पेशींच्या बाहेर इंटिग्रिन नावाचे हात असतात ते एका बाजूला मॅट्रिक्सला आणि दुसऱ्या बाजूला पेशीच्या आतल्या धाग्यांना धरून असतात. ताण मिळाला की पेशी वाढतात, नाही मिळाला की फुफ्फुस छोटं राहतं. म्हणून गर्भाशयातलं पाणी फार लवकर, म्हणजे पाचव्या महिन्याच्या आसपास किंवा आधीच, खूप कमी झालं आणि तसंच राहिलं तर डॉक्टर फुफ्फुसाची काळजी करतात. आमच्याकडे "रिपोर्टात पाणी कमी आलंय" म्हटलं की घरातले नारळपाणी आणायला धावतात, नारळपाणी प्यायला काही हरकत नाही पण किती आठवड्याला कमी आहे, पाणमोट फुटून गळतंय का, बाळाच्या किडन्या नीट दिसतायत का हे विचारणं जास्त महत्त्वाचं आहे. नवव्या महिन्यातलं थोडं कमी पाणी आणि पाचव्या महिन्यातलं अगदी कमी पाणी या फुफ्फुसाच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उगाच घाबरून जायलाही नको.

छातीतला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, नीट न झाल्यामुळे पोटातली आतडी छातीत जाऊन फुफ्फुस दबतं अशा काही बाळांत तर पोटातच श्वासनलिकेत छोटा फुगा बसवून फुफ्फुसातलं पाणी अडवतात, त्या ताणाने फुफ्फुस वाढावं म्हणून, आणि 2021 मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत अगदी गंभीर केसेसमध्ये त्याने जगणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. ताण आणि वाढ यांचा संबंध याहून स्पष्ट काय दाखवणार.

आणि आता इलॅस्टिन, माझ्या त्या काळ्या रेघा. शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत पिशव्यांच्या भिंतींतून आत छोटे पडदे उगवतात आणि एका पिशवीचे अनेक वायुकोश होतात, या पडद्यांच्या कडेला इलॅस्टिन बसतं. ज्या पेशी ते बनवतात त्या उंदरात तयार होऊ दिल्या नाहीत तर पडदेच उगवत नाहीत, पिशव्या मोठ्या आणि रिकाम्या राहतात. इलॅस्टिनचं जीनच काढलेले उंदीर जन्मल्यावर काही दिवसांत मरतात, त्यांच्या रक्तवाहिन्या बुजतात आणि फुफ्फुसाच्या टोकाकडची वाढ अर्धवट राहिलेली असते. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मताना साधारण 5 कोटी वायुकोश असतात आणि मोठ्या माणसात 48 कोटींच्या आसपास, म्हणजे जन्मानंतरही पुष्कळ काम होतं, पण ते पोटात घातलेल्या चौकटीवरच. आणि या धाग्यांचं आयुष्य बघा, 1991 मध्ये संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 चा उपयोग करून माणसाच्या फुफ्फुसातलं इलॅस्टिन किती जुनं असतं ते मोजलं, तर सरासरी 74 वर्षं आलं. आज माझी छाती जे इलॅस्टिन वापरतेय त्यातलं कितीतरी आईच्या पोटात आणि बालपणी बनलेलं आहे, आणि ते तुटलं तर शरीर पुन्हा तसं नीट विणू शकत नाही, सिगरेट ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसाची म्हातारपणी जी अवस्था होते त्यात हेच असतं.

(हे धागे एकमेकांत पक्के बांधायला जे एन्झाइम लागतं त्याला तांबं लागतं, पण म्हणून तांब्याच्या लोट्यातलं पाणी पिऊन बाळाचं फुफ्फुस मजबूत होतं असं कृपया कोणी छापू नका, रोजच्या जेवणातून लागेल तेवढं मिळतं.)

मॅट्रिक्सला किती कळतं याचं मला सर्वात थक्क करणारं उदाहरण 2010 चं आहे. येल आणि बोस्टनच्या दोन वेगवेगळ्या टीम्सनी उंदराचं, म्हणजे मोठ्या रॅटचं फुफ्फुस घेऊन साबणासारख्या द्रावणाने त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, उरलं ते फक्त मॅट्रिक्स, पांढरं, जवळजवळ पारदर्शक, पण आकार जसाच्या तसा. त्यात नवीन पेशी सोडल्या तर पुष्कळशा पेशी आपापल्या जागी जाऊन बसल्या आणि ते फुफ्फुस रॅटमध्ये बसवल्यावर थोडा वेळ खरंच ऑक्सिजन देत होतं. माणसापर्यंत यायला अजून खूप अवकाश आहे, पण पत्ता मॅट्रिक्समध्ये लिहिलेला असतो एवढं तरी त्यातून दिसतं.

सर्फॅक्टंटचं महत्त्व मी कमी करत नाहीये. 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की श्वास न घेता येऊन दगावणाऱ्या या बाळांत ते द्रव्य कमी असतं, 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी ते बाहेरून देऊन बाळं वाचवली, त्याआधी 1963 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचं साडेचौतीस आठवड्यांचं बाळसुद्धा दोन दिवसांत गेलं होतं, इतका हतबल काळ होता तो. पण सर्फॅक्टंट नळीतून सोडता येतं, इलॅस्टिनची चौकट नळीतून सोडता येत नाही. 25-26 आठवड्यांचं बाळ वाचतं, घरी जातं, पेढे वाटले जातात, आणि मग पुढे दर पावसाळ्यात छाती भरते, नेब्युलायझर घरात कायमचा मुक्कामाला, आणि आईबापांना कळत नाही की हॉस्पिटलातून तर "फुफ्फुसं आता ठीक" म्हणून सोडलं होतं. व्हेंटिलेटरचा दाब आणि ऑक्सिजन लागतोच, त्याच्याशिवाय बाळ जगणार नाही, पण जे मॅट्रिक्स अजून विणायचं चालू आहे त्याच्यावर तो हवेचा दाब पडला की इलॅस्टिन भलत्याच ठिकाणी बसतं, पडदे कमी उगवतात, वायुकोश संख्येने कमी आणि मोठे राहतात. याला ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया म्हणतात, 1967 मध्ये नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा वर्णन केलेला. अशा मुलांच्या आईबापांना तुमच्या लेखातून नुसती आशा मिळाली, पुढे किती वर्षं लक्ष ठेवायचं हे मिळालं नाही. घरात कोणी सिगरेट ओढायची नाही, देवापुढचा धूप-उदबत्तीचा धूर बाळाच्या खोलीत नको, लसी चुकवायच्या नाहीत, इतकं तरी एका चौकटीत टाकता आलं असतं.

आता मशेरी. लालबाग-परळच्या चाळींत आणि बाकी मुंबईच्या वस्त्यांतही सकाळी तव्यावर किंवा पत्र्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात, तो ठसका दोन खोल्या पलीकडे जातो, मग चुरून डबीत भरतात आणि बोटाने दातांना लावून अर्धा अर्धा तास बसतात. गरोदर बायकांनाही कोणी थांबवत नाही, उलट मळमळीवर बरी म्हणून देतात. आमच्याच नळावर एकजण मला म्हणाली, "काकू, मी काय तंबाखू खात नाही हो, नुसती मशेरी लावते, त्याशिवाय पोट साफ होत नाही." लावणं आणि खाणं यात हिरडीला काही फरक कळत नाही, निकोटिन रक्तात जातं आणि वारेतून बाळाकडे जातं. याच मुंबईत 1217 गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, मशेरी वगैरे बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅम कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी 6.2 दिवस आधी झालं, आणि खूप लवकर जन्मण्याचा धोका तर कितीतरी पट जास्त होता. वर सांगितलेलं इलॅस्टिनचं वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा वाचा म्हणजे माझी तळमळ कळेल. आणि निकोटिनचं थेट फुफ्फुसावर काय होतं तेही माकडांमध्ये बघितलंय, 1999 मध्ये ओरेगनच्या संशोधकांनी गाभण माकडिणींना निकोटिन दिलं तर पिल्लांच्या श्वासनळ्यांभोवती कोलॅजन जास्त साचलेलं आणि फुफ्फुस नीट न वाढलेलं दिसलं. तिथे धूर नव्हताच, फक्त निकोटिन. म्हणजे "धूर नाही तर फुफ्फुसाला काय होणार" हा जो प्रश्न मला नेहमी ऐकू येतो त्याचं उत्तर त्यात आहे.

सिगरेटच्या पाकिटावर चित्र असतं, गुटख्याच्या जाहिरातींवर बंदी आली, पण घरात भाजलेल्या मशेरीच्या डबीवर कोण इशारा छापणार? तुम्हीच छापू शकता. आमच्या आशाताई फेरीला येतात त्या विचारतात "तंबाखू खाता का", बाई "नाही" म्हणते, दोघीही खरं बोलत असतात आणि मशेरी तशीच चालू राहते. प्रश्नच "मशेरी लावता का" असा विचारायला हवा, आणि बाईला ओरडून नाही, सोडायला मदत करून, सासूबाईंना शेजारी बसवून, कारण डबी पुष्कळदा सासूबाईंचीच असते.

मुंबईच्या हवेबद्दलही दोन ओळी. बांधकामांची धूळ आणि हिवाळ्यातला तो करडा पट्टा तुम्ही रोज छापताच, पण त्या बातम्यांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात, पोटातलं बाळ नसतं. 2022 मध्ये बेल्जियम आणि स्कॉटलंडच्या संशोधकांनी गर्भाच्या यकृतात, मेंदूत आणि फुफ्फुसातही काजळीचे बारीक कण सापडल्याचं छापलं, ज्या गर्भाने हवेचा एकही श्वास घेतलेला नव्हता. त्या कणांनी मॅट्रिक्सचं नेमकं काय होतं ते माणसात अजून अभ्यासलं जातंय, पण वारेपलीकडे काही पोचत नाही हा भ्रम तरी सोडायला हवा.

आणि मुहूर्ताचं सिझेरियन. हे लिहिताना मला राग येतोय पण लिहिते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं सगळं ठीक असताना, कळा नसताना, चांगली तिथी मिळतेय म्हणून उपनगरातल्या एका नर्सिंग होमने 37 आठवडे पुरे होताच सिझेरियन करून दिलं, आणि बाळाला श्वास भराभर चालला म्हणून एनआयसीयूत ठेवावं लागलं. बाळ सुखरूप आहे. पण अमेरिकेत हजारो नियोजित सिझेरियनच्या नोंदी तपासून 2009 मध्येच दाखवलंय की कारण नसताना 39 आठवड्यांच्या आधी केलं तर बाळाला श्वासाचा त्रास जास्त होतो, 37 ला सगळ्यात जास्त. कळांच्या वेळी शरीरात जी हार्मोन्स वाढतात ती फुफ्फुसातलं पाणी शोषलं जायला गरजेची असतात, कळांआधीच सिझेरियन केलं तर ती तयारीच झालेली नसते, आणि मॅट्रिक्सचं विणकाम तर चालूच असतं. आईच्या किंवा बाळाच्या तब्येतीसाठी लवकर करावं लागलं तर डॉक्टरांचं ऐकायचंच, त्यात वादच नाही, मी फक्त पंचांग बघून ठरवलेल्या तारखेबद्दल बोलतेय. तुमच्या पेपरात मुहूर्त छापता तिथे बाळंतपणासाठी म्हणून छापू नका ही हात जोडून विनंती.

लेखात आणखी एक गोष्ट सुटलीये आणि ती जीव वाचवणारी आहे. 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झाल्या आणि बाळंतपण होणार असं दिसलं तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, आपल्याकडे बहुतेक डेक्सामेथासोनची, 12 तासांच्या अंतराने चार. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये हे दाखवलं, त्याआधी लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते आणि एवढ्या लवकर जन्मलेलं कोकरू श्वास घेतंय हे पाहून त्यांना सुचलं. या औषधाने सर्फॅक्टंट तर वाढतंच, पण पिशव्यांमधला जाड सैल भागही पातळ होतो, म्हणजे ते मॅट्रिक्सवरही काम करतं. 2020 मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या डब्ल्यूएचओच्या चाचणीत त्याने नवजात बाळांचे मृत्यू कमी झाले. 2014 पासून सरकारच्या सूचनांप्रमाणे मोठ्या हॉस्पिटलला पाठवण्याआधी एएनएम सिस्टरही (आरोग्यसेविका) पहिला डोस देऊ शकतात. हे बायकांना माहीत असेल तर वेळेआधी कळा आल्यावर घरी ओवा-गरम पाणी करत रात्र काढणार नाहीत. "स्टिरॉइड" ऐकून घरातले घाबरतात, नको म्हणतात, तेही मी कानांनी ऐकलंय, म्हणून पेपरात आलं तर फरक पडेल.

पुढचा लेख करणार असाल तर परळलाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांशी बोला, वाडिया आणि केईएमच्या नवजात विभागांतल्या डॉक्टरांशी बोला, आणि एखाद्या पॅथॉलॉजी विभागाकडून व्हेरहॉफने रंगवलेल्या स्लाईडचा फोटो मागा, 18 आठवड्यांचा आणि पूर्ण दिवसांचा शेजारी शेजारी. दोन गुलाबी पिशव्यांचं जे चित्र तुम्ही लेखाबरोबर छापलंत त्याच्या जागी हे दोन फोटो छापा, रंगीत छापता नाही आले तरी चालेल, इलॅस्टिन काळंच असतं. आणि जमलं तर सोमवारी नको, शनिवारच्या पुरवणीत टाका, आमच्याकडे तीच पुरवणी बायकांच्या हातात आधी पडते.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
लालबाग, मुंबई